खोडरबरची पुस्तकं

आमच्या तालमीच्या हॉलखाली, जिन्याला लागून एक बुकबाइंडर बसायचे. सगळा रस्ता त्यांना खोडरबर म्हणायचा, अगदी तोंडावरसुद्धा. मी त्यांना भाऊ म्हणायचे आणि ते मला राणीसाहेब, कारण रंगमंचावर मी जन्मभर राण्याच केल्या. माझ्या फाटक्या संहिता त्यांनी किती वेळा शिवून दिल्या असतील, त्याला गणती नाही. सुईत दोरा ओवता ओवता विचारायचे, "राणीसाहेब, हे फाटलंय की फाडलंय? तुमच्या वाट्याला वाक्यं कमी आली की पानांचे हाल होतात. मी बघतोय ना!"

पण त्यांचं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे. एकोणिसाव्या शतकातली मुलांची पुस्तकं जमवणारे काही शौकीन लोक असतात. लाकडी ठशांची चित्रं, त्यांत कुणीतरी हातानं भरलेले रंग, मऊ झालेले कागद, तळहाताएवढी पुस्तकं. ज्या मुलांसाठी ती छापली, त्या मुलांनी त्यांत जीव ओतलेला असायचा. कुणी वाघाला मिशा काढलेल्या, कुणी समासात आपलं नाव दहा वेळा गिरवलेलं, कुठे चिकट बोटाचा ठसा. शौकिनांना हे नको असायचं. त्यांना पुस्तक कोरं करकरीत हवं असायचं. एकदा मी त्यातल्या एका टायवाल्या गृहस्थांना म्हटलं, "म्हणजे मुलांची पुस्तकं हवीत, पण मुलांनी हात न लावलेली! जुना जोडा हवा, पण कुणी न घातलेला!" ते हसले नाहीत. भाऊ मात्र पुठ्ठ्याआड तोंड लपवून हसत होते.

हे कोरं करण्याचं काम भाऊंइतकं चांगलं कुणाला जमत नसे. शिळ्या पावाचा गर बोटांनी मळायचा, त्याची गोळी करून पेन्सिलीच्या खुणेवरून हलके हलके फिरवायची. रेघ पावात उतरते, कागदाला कळतही नाही. मग पान पाण्यात भिजवायचं, दोरीवर वाळवायचं, पातळ सरस फिरवून दोन दिवस दाबयंत्रात ठेवायचं. बाहेर येणारं पान पाहून वाटावं, जगात कधी मूल जन्मलंच नाही.

त्यांचा एक नियम होता. तो त्यांनी मला मोठ्या तोऱ्यात सांगितला होता. "डाग बघायचा. डागात काय लिहिलंय ते बघायचं नाही. बघितलं की हात थांबतो."

भाऊंना एकच मुलगी होती, सात वर्षांची. शाळा सुटली की दुकानात येऊन खालच्या फळीवर बसायची आणि पाटीवर काहीबाही काढायची. कागद द्यायची तेव्हा पद्धत नव्हती. कागद महाग, आणि बापाच्या दुकानातला कागद तर सगळा गिऱ्हाइकाचा. पाटी भरली की ती फुंकर मारायची, थुंकी लावायची आणि पुसायची. "बापावर गेलीय," असं सगळे म्हणायचे. मला बघितलं की उठून मुजरा करायची आणि मी तिला राज्यातला एखादा प्रांत देऊन टाकायचे. तिच्याकडे आठ-दहा प्रांत जमले होते.

एका दुपारी भाऊ दोरा आणायला गेले. पांढरा मिळाला नाही, म्हणून निळा घेऊन आले. येऊन बघतात तर मुलगी टेबलाशी उभी, हातात पेन्सिल, आणि पुढ्यात टायवाल्या गृहस्थांचं पुस्तक. प्राण्यांची वर्णमाला होती ती. त्यात हंसाचं एक पान होतं. हंस छोटासा कोपऱ्यात, आणि भोवती पाणी दाखवायला सोडलेली पांढरी जागा. त्या जागेत तिनं पेन्सिल चालवली होती. गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

भाऊंचा आवाज वर तालमीत ऐकू आला. "हात लावायचा नाही म्हटलं होतं ना!" मी खिडकीतून डोकावले. पोरगी पाटी छातीशी धरून घराकडे पळत होती.

पान भिजवायला वेळ नव्हता, दाबायलाही नव्हता. भाऊंनी पावाच्या गोळीनं पुसलं, निळ्या दोऱ्यानं पुस्तक शिवलं आणि सकाळी देऊन टाकलं.

सोळा दिवसांनी मुलीचा घसा धरला. पाचव्या दिवशी ती गेली.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगते. वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, घरभर तिच्या हातची एखादी खूण शोधत होत्या. घर आवरायला आलेल्या शेजारणीनं चांगल्या मनानं सगळं धुऊन-पुसून ठेवलं होतं. त्यात पाटीही धुतली होती. वहिनी ती ओली पाटी हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मग त्यांनी भाऊंना विचारलं, "त्या पुस्तकात काय काढलं होतं तिनं?"

"बघितलं नाही मी," भाऊ म्हणाले. "रेघोट्या होत्या."

"पुसलंत?"

"पुसलं. पण पान दाबलं नव्हतं, भिजवलं नव्हतं. पेन्सिलीचा दाब कागदात राहिलेला असणार. उजेड आडवा पडला तर दिसेल."

"मग ते पुस्तक आणा," वहिनी म्हणाल्या. बस, एवढंच.

टायवाले गृहस्थ तोवर दुसऱ्या गावी गेले होते आणि लवकरच वारलेही. त्यांच्या मुलांनी सगळा संग्रह खोकी भरभरून विकून टाकला. ज्याला जे मिळालं ते तो घेऊन गेला. भाऊ त्यामागे लागले. लिलाव, रद्दीवाले, शाळांच्या बंद पडलेल्या लायब्रऱ्या. प्राण्यांची वर्णमाला कुठे आहे असं कळलं की निघाले. ती क्वचितच एकटी मिळायची. बरोबर चार दुसरी पुस्तकं घ्यावी लागत. अशी घेता घेता कपाट भरलं, मग दुसरं भरलं. हा माणूस संग्राहक झाला, तो असा. पुढे दूरदूरचे लोक येऊन त्यांना विचारायचे की हा ठसा कुठल्या छापखान्याचा, हा रंग हाताचा की यंत्राचा. ते सगळं अचूक सांगायचे. पण पुसायचं काम त्यांनी बंद केलं. कुणी पुस्तक कोरं करायला आणलं तर म्हणायचे, "असू द्या की. कुणीतरी बसलं होतं तिथं." गिऱ्हाइकं तुटली. नाव मात्र खोडरबरच राहिलं.

वर्णमालेची प्रत आली की भाऊ सकाळी घरच्या खिडकीशी उभे राहायचे आणि हंसाचं पान उजेडात आडवं धरायचे. वहिनी आत काम करत असायच्या. त्या पुस्तकांना त्या कधी हात लावायच्या नाहीत. मान वर न करता विचारायच्या, "सापडलं?"

"नाही."

एकतीस वर्षं हेच दोन शब्द. मी तीन नाट्यगृहं बंद पडताना पाहिली, माझे गुडघे गेले, राण्यांच्या आया करून झाल्या, पुढे त्याही मिळेनाशा झाल्या. भाऊंच्या घरात मात्र दर वेळी तोच प्रवेश, तेच संवाद.

मग वहिनींनी अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. मी दुपारी जाऊन बसायला लागले. माझा मेकअपचा दिवा नेला होता. मान हवी तशी वाकते त्याची. त्या उजेडात मी त्यांना काहीतरी वाचून दाखवायचे. एक दिवस त्यांनी माझा हात धरला.

"ताई, एक कराल? ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. कबूल करत नाहीत, पण चहात साखरेऐवजी मीठ घालतात. सगळ्या प्रती पुन्हा एकदा तुम्ही बघा. तुमच्या ह्या दिव्यानं. एखादी नजरेतून सुटली असेल."

"बघते की. दिवाही कामाचा, मीही कामाची. आम्हा दोघांना बऱ्याच दिवसांत कुणी बोलावलं नव्हतं."

त्या हसल्या, आणि खोकल्या.

भाऊ औषधं आणायला गेले होते. मी बाहेरच्या खोलीत कपाट उघडलं. वर्णमालेच्या सव्वीस प्रती होत्या. एकेक घ्यायची, हंस काढायचा, दिवा टेबलाला टेकेल इतका खाली घ्यायचा. पान दऱ्याडोंगरांसारखं दिसू लागतं. एका प्रतीत कुणाचं तरी नाव उमटलं, एकीत नुसती भोकं. सगळ्या पाहून झाल्या. खालचा कप्पा बंद करताना पुस्तकांच्या रांगेमागे काहीतरी अडकलं. हात घातला. तपकिरी कागदात गुंडाळलेली सत्ताविसावी प्रत.

शिवणीचा दोरा निळा होता.

मी दिवा वाकवला. हंसाच्या शेजारी, पांढऱ्या पाण्यात, एक हात होता. लहान मूल हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवतं ना, तसा. पाच बोटं. अंगठा थोडा वाकडा, कारण तिथे पेन्सिल घसरली होती.

मागे दार वाजलं. भाऊ औषधांची पिशवी घेऊन उभे होते. माझ्या हातात काय आहे ते त्यांना मोतीबिंदूतूनही दिसलं.

"केव्हापासून आहे हे तुमच्याकडे?" मी हळू आवाजात विचारलं.

"एकोणीस वर्षं."

"भाऊ! आणि तरी दर वेळी 'नाही' म्हणालात?"

ते खुर्चीवर बसले नाहीत. भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले.

"मी तिला सांगितलं होतं, रेघोट्या होत्या, बघितलं नाही. राणीसाहेब, बघितलं होतं मी. हात आहे हे दिसत होतं. एकेक बोट पुसलं. करंगळीपासून सुरुवात केली." त्यांनी औषधांची पिशवी बाजूला ठेवली. "हे पुस्तक सापडलं तेव्हा वाटलं, दाखवलं तर विचारेल. हा हात तुम्हाला रेघोटी कसा वाटला, असं विचारेल. मग आज नको म्हटलं, उद्या बघू म्हटलं. आणि बाकीची पुस्तकं आणत राहिलो. म्हणजे शोध चालू आहे, असं तिला वाटावं."

आतून वहिनींचा आवाज आला. श्वास लागलेला, पण शब्द तेच.

"सापडलं?"

रंगमंचावर कुणी वाक्य विसरलं तर मी ते आपल्या तोंडी घेऊन प्रसंग सावरायचे. कितीतरी सहकाऱ्यांना मी तसं तारलंय. पण हे वाक्य माझं नव्हतं. ते उचलायचा मला हक्क नव्हता.

भाऊ फरशीवर हात टेकून उठले. त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, दुसऱ्या हातात दिवा. वायर पुरेना, तेव्हा मी ती सोडवून आतल्या खोलीत लावून दिली. त्यांनी पान वहिनींच्या मांडीवर ठेवलं आणि दिवा खाली केला.

वहिनी बघत राहिल्या. मग त्यांनी आपला तळहात त्या हातावर ठेवला. त्यांच्या हाताखाली तो पार झाकला गेला.

"ह्या रेघोट्या होत्या?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही," भाऊ म्हणाले.

"कधी सापडलं?"

त्यांनी खरं सांगितलं. एकोणीस वर्षं.

मला वाटलं आता रडतील, ओरडतील, मरायच्या आधी माणूस बोलतं तसं काहीतरी बोलतील. नाटकात तसंच झालं असतं, आणि मी ते झकास केलंही असतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ताई, दिवा असू द्या इथेच. ह्यांना सांगा, बाहेर जाताना दार लोटून घ्या."

भाऊ खोलीत उभे होते, तरी वहिनींनी ते मला सांगितलं.

त्यानंतर वहिनी आठ दिवस होत्या. भाऊ बाहेर, बंद दाराशी स्टुलावर बसून असायचे. औषध मी द्यायचे, जेवण मी भरवायचे. भाऊंविषयी त्यांनी एकही शब्द काढला नाही, ना चांगला, ना वाईट. मी एकदा विषय काढून बघितला. "वहिनी, ते बाहेर बसून बसून अर्धे झालेत हो." त्यांनी डोळे मिटून घेतले. पुस्तक मांडीवर तसंच उघडं असायचं आणि तळहात पानावर. तापानं हात सतत घामेजलेला. झोपेतसुद्धा त्यांनी तो उचलला नाही. गेल्या तेव्हा मलाच तो बाजूला करावा लागला.

भाऊ आहेत अजून. मोतीबिंदू काढला, एका डोळ्यानं बरं दिसतं. माझा दिवा त्यांच्याकडेच आहे, मी परत मागितलेला नाही. परवा एक तरुण संग्राहक बाई आल्या होत्या. सत्ताविसावी प्रत हातात घेऊन हळहळल्या, "अरेरे, इतकी सुंदर प्रत आणि ह्या पानावर केवढा मोठा डाग! ओलाव्याचा दिसतोय. निघेल ना हो हा? तुम्ही तर त्यातले उस्ताद."

हंसाच्या शेजारी पिवळसर, मोठा तळहात उमटला होता. त्याच्याखाली आता दिवा कितीही वाकवला तरी छोटा हात दिसत नाही. ओलाव्यानं कागद फुगला, खोलगट रेषा भरून आल्या.

भाऊंनी बाईंच्या हातातून पुस्तक हळूच काढून घेतलं आणि तपकिरी कागदात गुंडाळायला लागले.

"निघेल," ते म्हणाले. "मी नाही काढणार."