निर्मलाकाकूंचं ट्युलिप पॉपलर

निर्मलाकाकू कोणाची परवानगी घेत नसत, फक्त कळवत. "विचारत नाहीये, सांगतेय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी पीएच.डी. करताना मी त्यांच्या मुलाच्या, समीरदादाच्या घरी तळघरात भाड्याने राहत होतो. काकू साताऱ्याला वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आता मुलाकडेच राहत. वय एकाहत्तर, डावा गुडघा कायम दुखरा.

एका मे महिन्यात त्यांनी घरासमोर ट्युलिप पॉपलरचं गुडघाभर रोप लावलं. पंधरा दिवसांत कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं: हे झाड शंभर फूट वाढतं, काढून टाका.

"आई, कशाला वाद? रिमूव्ह करू," समीरदादा म्हणाला. कोणाशी वाकडं घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

"हे इथलंच झाड आहे. तुमची कॉलनी नंतर आली," असं सुनावून काकू मीटिंगला गेल्या. सोबत मी.

अध्यक्ष सभ्य गृहस्थ. याला फुलं यायला पंधरा-वीस वर्षं लागतात, असं त्यांनी समजावलं आणि काकूंच्या पांढऱ्या केसांकडे बघून थांबले. काकूंनी सावकाश इंग्रजीत विचारलं, "तुमच्या नियमांत माझ्या वयाचं कलम आहे का?"

शेवटी रोप मागच्या ओढ्याकाठी, सामाईक जागेत हलवायचं ठरलं. तिथे नळ नव्हता. ते आपोआप वाळेल, असंच सगळ्यांना वाटलं असावं.

काकू दुधाचे रिकामे कॅन भरून रोज दोन खेपा घालत. मी मदतीला गेलो की म्हणत, "तू थीसिस लिही." थंडीत हरणांनी शेंडा खाल्ला. मी हळहळलो, तर त्यांनी बाजूचा इवलासा डोळा दाखवला. "हा होईल शेंडा." दुसऱ्याच दिवशी त्यांनी भोवती तारेची जाळी ठोकली. वसंतात तो कोंब खरंच सरळ वर चढला. चौथ्या उन्हाळ्यात झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं.

त्या हिवाळ्यात न्यूमोनियाने काकू गेल्या.

वसंतात असोसिएशनने ओढ्याकडे पार्किंग वाढवायचं काढलं. झाड तोडायला संमती द्या, असा फॉर्म घरोघरी आला. समीरदादाने तो टेबलावर ठेवून पेन उचललं. मग त्यावर मोठ्या अक्षरांत 'नो' लिहिलं, खाली सही केली आणि जॅकेट चढवून शेजाऱ्यांची दारं ठोठावायला निघाला. अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलायला अवघडणारा तो, त्या संध्याकाळी एकोणीस घरं फिरला. मीही मागोमाग होतो.

पार्किंगचा बेत बारगळला. झाड अजून तिथेच आहे. उन्हाळ्यात समीरदादा पाणी घालतो. फुलं अजून आलेली नाहीत.