सातव्या प्रश्नाचं उत्तर

"आडनाव काय?" सेफ्टीसाहेबानं विचारलं. मी सांगितलं.

"गाव?" तेही सांगितलं.

"गावात कुठल्या बाजूला?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ओळखतो. शारजाच्या औद्योगिक भागातली पत्र्याची केबिन, समोर डझनभर ड्रायव्हर, आणि याला माझ्या घराची दिशा हवी होती. पठाणाला नाही विचारलं. मल्याळ्याला नाही. तो मान फक्त मराठी माणसाचा.

"खालच्या," मी म्हणालो.

"वाटलंच." माझ्यापुढे धरलेलं पेन त्यानं मागे घेतलं, टेबलावर ठेवलं. मी ते तिथून उचललं.

साहेब पुण्याचा. राहायला दुबईच्या करामा वस्तीत, बायकामुलांसह. येताना डिग्री आणली होती. जात विमानात सामानाच्या वजनात धरत नाहीत, म्हणून तीही आणली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. चौथ्या खेपेला मला हेवी लायसन मिळालं होतं आणि मी कंपनीचा वाळूचा टिप्पर चालवत होतो. टिप्पर कमी होणार, थिनरचे टँकर वाढणार, असं ऑफिसनं सांगून टाकलं होतं. टँकरला धोकादायक मालाचं परमिट लागतं. परमिट नाही त्याचा व्हिसा खलास. म्हणजे घरी.

ट्रेनिंग कागदावर तीन दिवसांचं होतं. प्रत्यक्षात साहेबाचा एक चहा संपेपर्यंत चाललं. मग इंग्रजी परीक्षेचा कागद सगळ्यांना वाटला आणि स्वतः खुणा केलेला एक कागद भिंतीला चिकटवला. "ऐसा टिक करो, साइन करो, यल्ला, जल्दी." कंपनीत दरवेळी असंच होतं. सगळे बघून बघून खुणा करू लागले.

मी दहावी शिकलेला. अक्षर अक्षर लावून इंग्रजी वाचतो. सातवा प्रश्न होता, रिकामा, न धुतलेला टँकर धोकादायक असतो का? साहेबाची खूण: नाही.

मागच्याच वर्षी इथल्या आमच्या कामगार कॅम्पच्या गल्लीतल्या गॅरेजात रिकाम्या टँकरला वेल्डिंग करताना स्फोट झाला होता. वेल्डरची एक चप्पल मी रस्त्यावरून उचलली होती.

"साहेब, सातवं चुकलंय. रिकाम्यात पेटणारी वाफ राहते."

तो हसला. सगळ्यांना म्हणाला, "सुनो, अब ये हमको पढ़ाएगा." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

मग तो जवळ येऊन मराठीत म्हणाला, "चार अक्षरं आली की तुम्हा लोकांना मस्ती चढते. मुकाट्यानं खूण कर. नाहीतर नापास."

या माणसाला टँकरमधलं काही कळत नव्हतं. माझ्या गावातलं मात्र सगळं कळत होतं. एवढ्या भांडवलावर तो आमच्या जिवाचा राखणदार झाला होता. भीती होती ती तिथेच गेली. उरला तो निव्वळ तिरस्कार.

मी 'होय'वर खूण केली. खाली सही केली. कागद त्याच्या हातात दिला, टेबलावर नाही ठेवला. त्याला तो घ्यावा लागला.

त्यानं लाल पेनानं नापास लिहिलं.

शुक्रवारी कॅम्पात खान माझ्या खाटेवर येऊन बसला. तोही टिप्परवाला, पुढच्या परीक्षेतला. म्हणाला, "वो वेल्डर मेरे कमरे का था. पूरा पेपर समझा दे भाई." त्याच्यामागून आणखी सहा जण आले. दर शुक्रवारी मी एकेक प्रश्न हिंदीत फोडून सांगू लागलो.

पुढची परीक्षा दोन महिन्यांवर होती. माझा व्हिसा त्यानंतर आठ दिवसांत संपत होता. मी ठरवलं, घरी पाठवलं तरी चालेल, पुन्हा 'होय'च लिहीन. या वेळी आठ कागदांवर 'होय' असेल. साहेब, भिंतीकडे कुणी बघणार नाही. आमचे कागद तुम्हाला वाचावे लागतील. तेवढं शिकून या.