एक नग लाल पांडा, परवाना मिळणेबाबत

"परवाना कशाचा?" मी विचारले.

"प्राण्याचा," श्री. घाडी म्हणाले. "आणि आजच होया."

बोरिवलीत एका सरकारी कार्यालयाबाहेर माझे टेबल आहे. गेली चोवीस वर्षे मी तेथे बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु माझ्या मसुद्यात खाडाखोड करण्याचे धाडस आजवर एकाही हेडक्लार्कने केलेले नाही. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही, हे मी प्रत्येकाला एकदा सांगतो.

श्री. घाडी मूळचे मालवणकडचे, येथे केटरिंगचा धंदा. प्राणी म्हटल्यावर मी कुत्र्याच्या परवान्याचा नमुना काढला. नाव: चेरी. रंग: पाठ तांबडी, पोट काळे, शेपटीवर पट्टे. जात?

"रेड पांडा."

मी लिहून टाकले. येथे माझी चूक झाली. रकाना भरला की काम पुढे सरकले, असे मानण्याची आमच्या धंद्यात सवय असते.

मग त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. बेडरूम, एसी, खोका. खोक्यात मांजरापेक्षा जरा मोठा प्राणी, तोंड उघडे टाकून पडलेला. त्यांची मुलगी सानिका नववीत आहे. तिने इंटरनेटवर असे प्राणी पाहिले आणि हट्ट धरला. घाडींनी वाढदिवसासाठी एका पार्टीकडून मागवला. दोन दिवस त्याने काही खाल्ले नव्हते. केळे झाले, बिस्कीट झाले, उकडलेले अंडे झाले.

"डॉक्टर हात लावूक तयार नाय," घाडी म्हणाले. "म्हणता, आधी कागद दाखव. म्हणान तुमच्याकडे इलंय, वकीलसाहेब."

अर्जातील कारणांचा परिच्छेद हे माझे खास काम. विषय समजल्याशिवाय मी तो लिहीत नाही. मोबाईल उघडून मी अर्धा तास वाचले.

हा प्राणी आपल्याकडे सिक्कीम, दार्जिलिंग, अरुणाचल एवढ्याच बाजूला, थंड डोंगरी जंगलात राहतो. दिवसाचा बराच वेळ बांबूची पाने खातो, कारण त्या पानांतून अंगी फार थोडे लागते. मादी वर्षातून एकदाच विते, पिल्ले बहुधा एक किंवा दोन. रस्ते आणि तोड यांनी जंगलाचे तुकडे पडले, की या तुकड्यातला नर त्या तुकड्यातल्या मादीला भेटत नाही. दुसऱ्या जनावरांसाठी लावलेल्या फाशात हा अडकतो. मोकाट कुत्री त्याला मारतात, रोगही देतात. हे सर्व कमी होते म्हणून आता माणसे व्हिडिओ पाहून त्याला घरी मागवतात. कायद्यात तो वाघाच्या यादीत आहे.

मी पेन खाली ठेवले.

"घाडी, हा परवाना मिळत नाही. कोणालाच मिळत नाही. घरात ठेवणे हाच गुन्हा आहे."

"गुन्हो? मी काय चोरी केलंय? माका काय म्हायत? तुम्ही रानमांजर लिवा ना."

"रानमांजरही त्याच कायद्यात आहे."

"मग विलायती कुत्रो लिवा!"

"डॉक्टर आंधळा आहे का?"

इतक्यात सानिकाचा फोन आला. घाडींनी चुकून स्पीकर लावला.

"पप्पा, तो आता मान पण उचलत नाहीये. तुम्ही आहात कुठे? मला नको तो, पप्पा. त्याला बरं करा फक्त."

घाडींनी फोन खिशात टाकला. "माका धरतीत?"

"केस होईल," मी म्हणालो. "पण तुम्ही आपणहून कळवलेत, हे कागदावर राहील. तो घरात मेला, तर तेही कागदावर राहील."

मी नवीन कागद घेतला. विषय बदलला: लाल पांडा हा प्राणी तातडीने ताब्यात घेणेबाबत. घाडींनी सही केली.

वन खात्याच्या ऑफिसात मी स्वतः बरोबर गेलो. क्लार्क म्हणाला, "साहेब मीटिंगला गेलेत. ठेवून जा, सोमवारी बघू."

"ठेवतो. आवक क्रमांकाशेजारी वेळ टाका."

आवक क्रमांक म्हणजे आलेल्या कागदाला ऑफिसने दिलेला नंबर. त्यासोबत तारीख पडते, वेळ सहसा कोणी टाकत नाही. वेळ टाकली, की पुढील प्रत्येक मिनिटाची जबाबदारी ऑफिसवर जाते.

"वेळ कशाला?"

"प्राणी सोमवारपर्यंत जगणार नाही. मेल्याची वेळ पोस्टमॉर्टेममध्ये येईल. दोन्ही वेळा शेजारी शेजारी असलेल्या बऱ्या."

त्याने माझ्याकडे पाहिले, शिक्का खाली ठेवला आणि फोन उचलला. दहा मिनिटांत जीप निघाली.

जीपमध्ये एक वन अधिकारी बाई होत्या. त्या कोणावर ओरडल्या नाहीत. घाडींच्या घरी पोहोचताच त्यांनी खोलीतील गर्दी हटवली आणि माणूस पाठवून बांबूचा कोवळा पाला आणवला. बऱ्याच वेळाने प्राण्याने एक पान तोंडात घेतले. सानिका दारात उभी राहून रडत होती.

"हा परत त्याच्या जंगलात जाईल ना, मॅडम?"

बाईंनी घाडींकडे वळून विचारले, "कुठून आणला?"

"कुर्ल्याला टर्मिनसभायर एकान टोपली दिल्यान."

"त्याने कुठून आणला?"

घाडींनी त्या पार्टीचा नंबर लावला. फोन बंद होता. तो अद्याप बंद आहे.

प्राणी वाचला. कोर्टाच्या कागदांत त्याचे नाव मुद्देमाल असे आहे. परवानगीने त्याला थंड डोंगरातील एका प्राणिसंग्रहालयात पाठवले. जंगलात सोडता आले नाही, कारण शेकडो डोंगरांपैकी त्याचा कोणता, हे सांगणारा कोणी नव्हता. घाडी जामिनावर आहेत आणि तारखांना वेळेवर हजर राहतात.

अलीकडे कोणी प्राण्याचा व्हिडिओ दाखवून अर्ज मागितला, तर पेन उघडण्यापूर्वी मी एवढेच विचारतो, की कुठून आणला. आतापर्यंत दोन गृहस्थ उत्तर न देता उठून गेले. त्यांची वर्णने मी वन खात्याला रीतसर अर्जाने कळवली आहेत.