फाशांच्या लढाईतलं गाव

मोहियोद्दीन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढायचा. विलायतेहून मशीन बसवायला आलेला एक इंजिनियर परत जाताना त्याला खेळाची पेटी देऊन गेला. त्यात चित्रविचित्र फासे होते आणि एक जाडजूड पुस्तक. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं आणि कुणाचा वार बसला, कुणाचा हुकला ते फाशांनी ठरवायचं. मोहियोद्दीनला त्याचं वेडच लागलं. मनानं रचलेल्या दोन राज्यांची लढाई तो दर रविवारी दुपारी आपल्या ओसरीवर सांगू लागला.

खेळायला दोघं यायचे. गेटवरचा वॉचमन सूर्यभान फौजेतून निवृत्त झालेला, आणि बन्सी लेथवर काम करायचा.

सूर्यभान पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुझे शिपाई लई पळतेत रे. लढाई म्हंजे निम्मं नुसतं बसून राहणं. बूट ओले, पाय कुजलेले अन् घरचं टपाल नाय."

मोहियोद्दीननं ते गोष्टीत घेतलं आणि लढाई एकदम जिवंत झाली. मग त्याला खरेपणाची चटकच लागली.

बन्सीनं एकदा डबा खाताना त्याला एक गोष्ट सांगितली होती, फक्त त्यालाच. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, तेव्हा गावात बन्सीच्या लोकांची वस्ती पेटवली होती. जोंधळ्याची कणगी दोन दिवस आतून धुमसत राहिली. आई जातं बाहेर काढायला गेली आणि तिचे हात भाजले. तेव्हापासून ही माणसं शहरात.

पुढच्या रविवारी फौज शत्रूच्या गावात शिरली. फासे पडले, दान गाव जाळण्याचं आलं. मोहियोद्दीन रंगात आला. धुमसती कणगी आली, जातं उचलणारी बाई आली, भाजलेले हात आले. सूर्यभान थक्क होऊन ऐकत होता. "वा, कसं सुचतं रे?" तो म्हणाला.

बन्सीनं हातातला फासा खाली ठेवला. "मोहियोद्दीनभाई, त्या बाईचं नाव काय?"

बन्सी चपला घालून निघून गेला.

मोहियोद्दीननं फासे गोळा करून पेटीत भरले. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला त्या माणसाचा राग आला असता. इथं दोस्ताच्या घराची राख त्यानं स्वतः चाळली होती, वाहवा मिळावी म्हणून.

आठवडाभर बन्सी कारखान्यात त्याच्याकडं बघायचा नाही. शेवटी मोहियोद्दीन त्याच्या घरी गेला. बन्सीची आई कडूबाई दारातच बसली होती. "ये बाबा," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. कप पुढं करताना तिच्या हाताची आखडलेली बोटं त्याला दिसली. त्यानं कप खाली ठेवला.

"बन्सी, चुकलं माझं," आत बसलेल्या बन्सीला तो एवढंच म्हणाला.

बन्सी म्हणाला, "रविवारी येतो. पण गोष्ट मी सांगणार. तुम्ही शिपाई व्हायचं."

त्या रविवारी बन्सीनं मोहियोद्दीनच्या शिपायाला पेटता पलिता घेऊन एका दारात उभं केलं. दारातली म्हातारी म्हणाली, "पाणी पितो का, लेकरा? कुठून आलास एवढ्या उन्हाचा?"

"फासा टाका," बन्सी म्हणाला.

मोहियोद्दीननं फासा मुठीत धरला, पण टाकवेना. "मी नाय जाळत," तो म्हणाला.

"हुकूम हाय," सूर्यभान म्हणाला. मग जमिनीकडं बघत हळूच बोलला, "आम्हालाबी होता, एका गावात."

कुठलं गाव, ते कुणी विचारलं नाही. खेळ पुढंही वर्षभर चालला, पण लढाया मोहियोद्दीननं पुन्हा कधी सांगितल्या नाहीत, आणि बन्सी त्याला पहिल्यासारखं मनातलं काही सांगत नसे.