मुनाफचा चांदीचा राजा

आमचा तुकाराम मालवणकडचा, इथं आखातात, जिदहफ्समध्ये सुतारकाम करतो. हातात कसब आहे, पण डोकं हट्टी. एकाच खोलीत राहत असल्यामुळे माझं त्याच्याशी रोज वाजतं.

दर शुक्रवारी तो गल्लीतल्या म्हाताऱ्या मुनाफशी बुद्धिबळ खेळायचा. मुनाफचे पूर्वज इराणहून आलेले. मधुमेहानं त्याची नजर गेली होती, तरी सोंगट्या चाचपून तो तुकारामला धूळ चारायचा. काळा राजा कधीच हरवला होता. त्या जागी मुनाफ आपल्या आजोबांचं चांदीचं नाणं ठेवी. इराणच्या कुठल्याशा जुन्या बादशहाचं, दीड हजार वर्षांपूर्वीचं, काळं पडलेलं. अंगठा फिरवून बादशहाचा मुकुट आणि नाक लागलं, की मगच तो चाल करी. "खेल तुम्हारे मुल्क से आया, शह और मात हमने सिखाया," म्हणून खो खो हसे. तुकाराम चिडायचा. हरणाऱ्याला इतिहास कसला गोड लागतोय!

मग एक डाव अर्धवट टाकून मुनाफ सलमानियाच्या इस्पितळात गेला. पट तुकारामकडेच राहिला. चार दिवसांनी मुनाफच्या मुलीचा, आतिकाचा, फोन आला. बाबा नाणं मागतायत, त्यांना ते हातात हवंय.

दुसऱ्याची वस्तू परत करताना घासूनपुसून द्यायची, ही आमच्याकडची रीत. तुकारामनं चिंच आणली, खबूस रोट्या भाजणाऱ्याच्या भट्टीतली राख आणली, आणि देवाची भांडी घासावीत तसं नाणं काथ्यानं घासलं. अगदी लखलखीत केलं.

इस्पितळात मुनाफनं ते हातात घेऊन अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. नाक नाही, मुकुट नाही. बादशहाचा चेहरा त्या काळ्या थरातच उरला होता, तो राखेबरोबर गेला.

"ये मेरा नहीं," तो म्हणाला. "तुकाराम, मेरा बादशाह किधर है?"

"वोही है चाचा. साफ किया, वल्ला!"

मुनाफनं नाणं चादरीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवसांनी तो गेला. तुकारामनं नाणं बदललं, याच समजुतीत गेला. मला अजून संताप येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

दफन झाल्यावर तुकाराम नाणं द्यायला गेला. आतिका दारातूनच म्हणाली, "रख लो. बाबा का नहीं है. खलास."

आता शुक्रवारी तो एकटाच पट मांडून बसतो. डोळे मिटून नाण्यावर अंगठा फिरवतो आणि मग ते माझ्या हातात देतो.

"बघ रे, नाक लागता मां?"

मीही अंगठा फिरवतो. सगळं गुळगुळीत.

"लागता रे," मी म्हणतो.