दोन झोळ्या

"झोळी धुऊन आणा, मग आमचं लेकरू बसवा."

पाटलीणबाई हे ओरडून बोलल्या नाहीत. चहात साखर कमी पडली हे सांगावं, तशा आवाजात बोलल्या. माझी चार महिन्यांची मुलगी तेव्हा काट्याच्या झोळीत होती. आढ्याला टांगलेला काटा हलत होता आणि ती पाय झाडत हसत होती. मी काट्यावरचा आकडा वाचला, साडेपाच किलो. तो तक्त्यावर मांडला आणि मग मान वर केली.

पंधरा-वीस बाया रांगेत बसल्या होत्या. एकही माझ्याकडे पाहत नव्हती.

मी त्या गावची नर्स होते. पुसेगावच्या बाजूचं गाव. जिल्हा तेव्हा परभणीच होता, हिंगोली वेगळी व्हायची होती. महिन्यातल्या ठरलेल्या बुधवारी अंगणवाडीच्या खोलीत मी लेकरांना लस टोचायची आणि वजनं करायची. वजनाला बाया घाबरायच्या. लेकरू काट्याला टांगलं की नजर लागते, मग ते सुकत जातं, असं त्या मानायच्या. आमच्या प्रशिक्षणात एका जुन्या सिस्टरनं यावर उपाय सांगितला होता. स्वतःचं लेकरू असेल तर सगळ्यांसमोर आधी ते बसवा. नर्सबाईच्या लेकराला काही झालं नाही, हे दिसलं की बाया पुढे येतात.

माझं लेकरू होतं. रजा संपून महिना झाला होता. मी बसवलं.

अंगणवाडीताई पाटलांच्या भावकीतली. ती माझ्या कानाशी आली. "ताई, दोन मिनिटांचं काम हाय. टाका धुऊन. काहून वाढवता?"

मी धुतली. मुलीला तिला सांभाळणाऱ्या सारजाबाईंकडे दिलं आणि झोळी घेऊन हापशावर गेले. गावातल्या त्या हापशावर एरवी मी जात नसे. त्या दिवशी कुणी अडवलं नाही. झोळी त्यांच्यासाठी धुवायची होती ना. उपकेंद्रातला तांबडा साबण लावला, घासली, पिळली, उन्हात धरून उभी राहिले. पाटलांच्या याच नातवाच्या वेळी सुनेचं बाळंतपण मी केलं होतं. नाळ मी कापली होती. तेव्हा हात धुऊन या, असं कुणी म्हणालं नव्हतं. हात मीच आपणहून धुतले होते, कारण नर्सने धुवायचे असतात.

झोळी ओलसरच होती. पाटलीणबाईंनी बोटाने चाचपली. "आता बराबर," म्हणाल्या. नातवाचं वजन झालं. रांग पुढे सरकली.

इथपर्यंतचं दुसऱ्यांनी केलं. पुढचं मी केलं. ते लिहायला जास्त जड जातं.

पुढच्या महिन्याच्या आधी मी घरी बसून दुसरी झोळी शिवली. जुन्या हिरव्या लुगड्याची, चांगली दुहेरी. मला कुणी सांगितलं नव्हतं. दर वेळी तमाशा नको, एवढाच विचार होता. पांढरी झोळी गावातल्या लेकरांची, हिरवी बौद्धवाड्यातल्या लेकरांची. आधी पांढरी, मग हिरवी. अंगणवाडीताई खूश झाली. "ताई लई समजदार हायत," असं तिनं चार ठिकाणी सांगितलं. मला ते ऐकून बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

माझी मुलगी हिरव्या झोळीत. तीही सगळ्यांच्या शेवटी, कारण आपलं लेकरू आधी घेतलं असं बौद्धवाड्यातल्या बायांनी तरी का म्हणावं? पण शेवटापर्यंत पोचता पोचता लसीच्या डब्यातला बर्फ विरघळायला लागायचा. उरलेली लस संध्याकाळच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवायची असे. रस्त्यावर बस उभी राहायची, कंडक्टर हाक मारायचा. मी काटा उतरवायची, अंगणवाडीताई तो कुलपात ठेवायची. मुलीचं वजन पुढच्या महिन्यात करू.

पुढच्या महिन्यात तसंच.

सुजाता तिचं नाव. नवरा बसवर कंडक्टर, दुसऱ्या डेपोत. आठवड्यातून एकदा घरी यायचा. मी सकाळी तिला पाजून निघायची. माझ्याकडे चार गावं होती. दहा-साडेदहाला छाती दाटून यायची, पांढरी साडी ओली व्हायची, मी पदर पुढे ओढून काम करायची. परत येईपर्यंत तीन वाजायचे. तोवर ती सारजाबाईंकडे. सारजाबाई बौद्धवाड्यातल्या, विधवा, साठीच्या. दोघीच एकमेकींना दिवसभर.

आनंद नव्हता असं नाही. तेव्हा काचेच्या सिरिंजा असत, त्या प्रेशर कुकरमध्ये उकळाव्या लागत. कुकरची शिट्टी झाली की सुजाता दचकायची, माझ्याकडे पाहायची आणि मग खदखदून हसायची. प्रत्येक शिट्टीला पुन्हा तेच. मी कधीकधी सिरिंजा स्वच्छ असतानाही आणखी एक शिट्टी होऊ द्यायची.

मग ती शिट्टीला हसेनाशी झाली. मला वाटलं, सवय झाली.

सारजाबाई म्हणायच्या, "लई शहाणी पोरगी हाय बाई. रडतच न्हाई. ठिवली तिथं पडून ऱ्हाते."

नवरा म्हणायचा, "आईवर गेली न्हाई ही. तोंडच उघडत न्हाई."

आम्ही हसायचो. न रडणाऱ्या लेकराकडे आधी बघा, हे मी गावोगाव आयांना सांगत फिरत होते. कमरेचा करदोडा सैल झाला, तेव्हा मी गाठ आत घेतली. महिन्याभराने पुन्हा आत घेतली. दोऱ्याची गाठ सरकली असेल, असं म्हणून. हे माझेच हात होते. दुसऱ्याच्या लेकराचा दंड चिमटीत धरून, हे सुकत चाललंय, असं सांगणारे.

सुजाता नऊ महिन्यांची झाली, तेव्हा गोवराच्या लसीची वेळ आली. बुधवारी सकाळी निघण्याआधी मी तिचं कार्ड काढलं. लसीच्या रकान्यात तारीख लिहिली आणि सहज पान उलटलं. मागे वाढीचा तक्ता.

चौथ्या महिन्यात एक टिंब. त्यापुढे काहीच नाही. पाचवा कोरा, सहावा कोरा, सातवा, आठवा.

गावातल्या प्रत्येक लेकराची रेघ मी ओढली होती. माझ्या लेकराची रेघच नव्हती.

मी तिला उचललं. रोज उचलत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा नर्ससारखं उचललं. बरगड्या हाताला लागल्या. मांडीची कातडी चिमटीत आली आणि तशीच उभी राहिली.

"सारजाबाई, दिवसभरात काय देता हिला?"

"गाईचं दूध देते की."

"कसं?"

"घट्ट दूध बाधतं लेकराला. म्हून पानी घालते. एक वाटी दुधाला दोन वाट्या. माझी चारी लेकरं आशीच वाढली बाई."

"चारातली किती आहेत?"

त्या "दोन," म्हणाल्या.

 त्यांना बोलायचा मला अधिकार नव्हता. गावभर मी दुधात पाणी घालू नका म्हणून सांगत होते, घरात एकदा विचारलं नव्हतं. मुलगी कडेवर घेतली, डबा खांद्याला लावला आणि अंगणवाडीत गेले.

रांग बसलेली होती. काटा टांगलेला होता, पांढरी झोळी अडकवलेली होती. पाटलीणबाई सुनेला आणि नातवाला घेऊन सगळ्यात पुढे. मी कुणाशी न बोलता सुजाताला पांढऱ्या झोळीत बसवलं.

"बाई, ती आमची झोळी हाय," पाटलीणबाई म्हणाल्या.

"झोळी सरकारची आहे."

"आज काहून आसं बोलून राहिल्या? इतके महिने बराबर चाललं व्हतं."

"काय चाललं होतं ते बघा," मी म्हणाले आणि काट्याकडे बोट दाखवलं.

अंगणवाडीताईनं वाकून वाचलं. "सव्वापाच." मग तिचा आवाज खाली गेला. "ताई, ही नऊ महिन्यांची ना?"

चार महिन्यांची असताना साडेपाच होती.  झोळीत सुजाता मान टाकून बसली होती. पाय हलवत नव्हती.

पाटलीणबाईंनी तोंड उघडलं. "सोताच्या लेकराला खाऊ घालता येत न्हाई आन् आमाला शिकवाया येतात."

हे खरं होतं. म्हणून सुईसारखं आत गेलं. पण ते निम्मंच खरं होतं, आणि उरलेलं निम्मं त्या खोलीत कुणी बोलणार नव्हतं.

"उतरवा तिला," त्या म्हणाल्या. "आन् झोळी धुऊन आणा."

"नाही धुणार."

"म्हंजी?"

"आजपासून झोळी एकच. सगळी लेकरं याच झोळीत. जे आधी येईल ते आधी."

"मग आमचं लेकरू न्हाई बसत."

"नका बसवू. मी वहीत लिहिते. वजन का झालं नाही ते कारणासकट लिहिते, तुमच्या नावानं. खाली अंगठा द्या."

"नाव लिवता? आमचं?"

"तुमचंच."

त्यांचा चेहरा लाल झाला. "जास्त दिवस न्हाई राहत तुमी हितं. बदली करून टाकतेत तुमची."

"करू द्या. आज मी इथं आहे."

त्या उठल्या. सून क्षणभर बसून राहिली. तिचं पोरगं चांगलं गुटगुटीत होतं, झोळीकडे हात करत होतं. सासूनं मागे वळून पाहिलं तशी तीही उठली. त्यांच्या मागे आणखी सहा-सात जणी गेल्या. मी नावं लिहिली. एकेकीचं, पूर्ण, कारणासकट.  उरलेल्या लेकरांची वजनं केली. हिरवी झोळी फाडली वगैरे नाही, कापड चांगलं होतं. शिवण उसवली आणि घरी फडकं केलं.

दुसऱ्या दिवशी सुजाताला घेऊन हिंगोलीच्या दवाखान्यात दाखल झाले. डॉक्टरांनी तिला तपासलं, मग माझ्या साडीकडे पाहिलं.

"सिस्टर, दुसऱ्यांच्या लेकरांचे तक्ते तुम्हीच भरता ना?"

"हो."

"मग?"

  एका झोळीची गोष्ट सांगता आली असती. पण तिच्या छातीत घरघर सुरू झाली होती आणि डॉक्टर म्हणत होते, दोन दिवस काही सांगता येत नाही.

ते दोन दिवस मी तिच्या कॉटशी बसून होते. चमच्याने दूध घालायचं, अर्धं बाहेर यायचं, पुन्हा घालायचं. डोक्यात एकच हिशोब सरळ करत होते. पाटलीणबाईंनी माझ्या मुलीला उपाशी ठेवलं नव्हतं. त्या फक्त एकदा बोलल्या होत्या, तेही हळू आवाजात. त्यांच्या त्या एका वाक्याला मी रांग करून दिली. कोण आधी, कोण नंतर, हे मी माझ्या हाताने लावलं आणि माझं लेकरू शेवटी ठेवलं. शेवटच्याला कधी वेळच उरत नाही. जातीबद्दल मी खूप ऐकलं होतं, सभेत बसून टाळ्याही वाजवल्या होत्या. ती माझ्या कामाच्या पद्धतीत येऊन बसली होती, माझ्याच शिवणीनं, आणि मी तिला समजूतदारपणा म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी सुजाता रडली. बारीक, चिरका आवाज. मी तिला गप्प केलं नाही.

अकराव्या दिवशी घरी सोडलं. बदलीचा कागद त्याच्या आधीच उपकेंद्रात येऊन पडला होता. पाटलांनी शब्द पाळला होता.

मुलगी जगली. आज नोकरी करते, तोंडही भरपूर चालवते. उंची मात्र बेताचीच राहिली. लोक म्हणतात, घराण्यातच असेल. आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी बुटकं नाही. मी कुणाला सांगत बसत नाही.

नवं गाव कळमनुरी तालुक्यातलं, आखाडा बाळापूरच्या बाजूचं. पहिल्या बुधवारी सुजाता माझ्या कडेवर होती, अजून अशक्तच. तिला आता मी कुठेही ठेवून जात नव्हते. खोली भरलेली होती. काटा टांगायला मी स्टुलावर चढले, तेवढ्यात दाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, अगदी मायेनं, "नव्या नर्सबाई का? आन् कंच्या समाजाच्या म्हणायच्या तुमी?"

 सगळ्यांचे कान माझ्याकडे लागले होते.

मी काटा अडकवला, खाली उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी बौद्ध आहे. ही माझी मुलगी. पहिलं वजन हिचं होणार. त्यानंतर ज्याला बसवायचं त्यानं बसवा, नसेल बसवायचं तर नाव सांगून उठा. मी लिहून घेते."

आणि पेनाचं टोपण काढलं.