शहाण्णवावा बुधवार

भाद्रपद शुद्ध अष्टमी, बुधवार, महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. ठिकाण माझं माहेर, शेलूबाजारपासून जीपने दहा मिनिटांवर. हजर: आई, बाबा, धाकटी बहीण, मी, जेवायला बोलावलेल्या गावातल्या बाया, मधल्या खोलीत नव्या साड्या नेसून उभ्या असलेल्या दोघी महालक्ष्म्या, आणि साडेबारा वाजता फटफटीवर आलेला हप्तेवाला. गैरहजर: कोणी नाही. आमच्या घरची माणसं सणाला पूर्ण असण्याची ती शेवटची वेळ होती, म्हणून हजेरी नीट लिहून ठेवते.

मला याद्या करायची सवय आहे. मानोऱ्याला एका शाळेच्या कार्यालयात काम करते. पर्समध्ये एक छोटी वही असते. झालेल्या कामावर आडवी रेघ मारायची, राहिलेलं काम दुसऱ्या दिवसाच्या पानावर उतरवायचं. सासरी या वहीची थट्टा होते, माहेरी मात्र सण आला की आई म्हणते, "तुही वही घेऊन ये."

त्या बुधवारच्या पानावर सव्वीस कामं होती. आंबिलीचं पीठ, सोळा भाज्या, पाट, केळीची पानं, फुलोरा. आदल्या पानावर उधारी चुकवायची कामं होती, कारण आमच्या घरी रीत आहे: महालक्ष्म्या घरात आल्या की त्या जाईपर्यंत घरातून पैसा बाहेर जाऊ द्यायचा नाही. म्हणून दूधवाला, किराणावाला, फुलवाली, सगळ्यांचे पैसे मी त्या येण्याआधीच देऊन टाकले होते. हप्ता मात्र यादीत आला नाही. तो मला कधी उधारी वाटलाच नव्हता. तो नुसता बुधवार होता.

हप्ता होता धाकटीच्या शिलाई मशीनचा. तिचं सासरी जमलं नाही, ती परत आली आणि शेलूबाजारच्या एका क्लासमध्ये शिवण शिकली. हात चांगला होता. पण साधी शिलाई आणि पिको दोन्ही करणारी मोटारवाली मशीन घ्यायची, तर बँकेत दाखवायला तिच्या नावावर काहीच नव्हतं. शेत बाबांचं, घर बाबांचं, सासर सुटलेलं. हायवेवरच्या दुकानदाराने फक्त आधार कार्ड आणि एक फोटो मागितला. मशीन आजच घेऊन जा, दर बुधवारी माणूस घरी येईल, शंभरावा हप्ता भरला की मशीन तुमची.

मी तिच्यासोबत होते. काउंटरवरच हिशेब केला. रोख किमतीच्या अडीच पट पैसे जात होते. कागदही मीच मोठ्याने वाचला. शेवटच्या हप्त्यापर्यंत मशीन दुकानाची, आपण भरतो ते भाडं. एकूण तीन खाडे झाले की मशीन परत, भरलेलं सगळं भाड्यात गेलं.

"अडीच पट होते गं," मी तिला म्हणाले. "थोडं थांब. रोख घेऊ."

"रोख देते कोन मले? तू देते?"

माझ्या घराच्या स्लॅबचं काम तेव्हा चालू होतं. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

"मंग लोकाईले सांगू का, पुढच्या वर्षी घाला ब्लाऊज?" ती हसली आणि सही केली. "आन तीन खाडे कायले होतीन?"

मशीन घरी आली तेव्हा आईने तिला हळदकुंकू वाहिलं, चाकाला लाल दोरा बांधला. ओसरीत खिडकीपाशी तिची जागा झाली. मी मानोऱ्याहून फोन केला की आधी मशीनचा आवाज यायचा, मग थांबायचा, मग धाकटी बोलायची. बोलायची तीही टाचण्या ओठांत धरून, अर्धे शब्द गिळत. मी रागावायचे की एखादी टाचणी पोटात जाईल. ती म्हणायची, "गेली तर आतून शिवून टाकीन." त्या दोन वर्षांत तिचा चेहरा भरला. बाया कापड घेऊन यायच्या आणि तासभर बसायच्या. बाबा बाजारातून वांगी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकून आले की आधी ओसरीत डोकावायचे.

पहिला खाडा ती टायफॉइडने पडली तेव्हाचा. दुसऱ्या वेळी तिच्या हातात पैसे तयार होते, पण हप्तेवाल्याची गाडी बंद पडली म्हणून तो आलाच नाही, तरी खाडा आमच्याच नावावर लागला. दोन्ही हप्ते नंतर दंडासकट भरले, पण खाडे खाडेच राहिले. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा तो बुधवार शहाण्णवावा होता.

हप्तेवाला माझ्याच वयाचा, पोट सुटलेला, गोड बोलणारा माणूस. दारातच चपला काढून म्हणाला, "आई, हप्ता."

"आज नाही भाऊ," आई म्हणाली. "महालक्ष्म्या बसल्या हायेत. उद्या सांजच्याले त्या गेल्या का न्या."

"उद्या बुधवार नाही न, आई."

"मंग आज जेवून जा. पैसा देत नाही, पन उपाशीबी धाडत नाही."

"जेवाले मी कुठी नाही म्हनतो? पन मले हप्ता लिहा लागते."

"मंग लिही न. लिहाले काय पैसे पडते?"

पंगतीतल्या बाया हसल्या. तोही हसला आणि पाटावर बसला. चार पुरणपोळ्या खाल्ल्या, आंबील दोनदा मागून घेतली. म्हणाला, "असं जेवन मले सासरवाडीतबी नाही भेटलं."

"तथीबी हप्ता मांगत असशीन," आई म्हणाली.

हे चाललं असताना धाकटीने स्वयंपाकघरात माझं कोपर धरलं. "ताई, फाटकाच्या बाहीर जाय आन मोबाईलवरून टाक. माह्यापाशी पैसे हायेत, तुले देतो मंग."

आईची पाठ आमच्याकडे होती. ती वळली नाही. "घरचा पैसा घरचाच. हातातून जावो का फोनातून."

माझ्या हातात कढीचं पातेलं होतं. फाटक पन्नास पावलांवर. मी गेले असते तर आईने दोन दिवस अबोला धरला असता, यापलीकडे काही झालं नसतं. पण मला वाटलं, आपल्या घरी चार पोळ्या खाल्लेला माणूस खाडा लिहिणार नाही. आणि दुसरंही एक वाटलं, ते कबूल करते. त्या वर्षात घरात कुणाचं काही बरंवाईट झालं असतं, तर मोडलेल्या रितीवर माझं नाव लागलं असतं. मी धाकटीला म्हणाले, "मी आहे ना. मी बघते." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पोळ्यांचं ताट उचलून बाहेर गेली.

निघताना आईने हप्तेवाल्याला कुंकू लावलं. चपला घालताना तो मला हळूच म्हणाला, "ताई, पाच वाजेलोक टाकून द्या. पाचनंतर माह्या हातात नाही. खाल्ल्या मिठाले जागून सांगून राह्यलो."

मी हो म्हणाले. वहीत लिहिलंसुद्धा: हप्ता, पाचच्या आत, फाटकाबाहेरून.

चारपासून हळदीकुंकवाला बाया यायला लागल्या. मी दारात होते, कुंकवाचा करंडा हातात. एकजण गेली की दोन येत होत्या. घड्याळात पाहिलं तेव्हा सव्वापाच झाले होते. मी त्या ओळीपुढे लिहिलं, उद्या. माझ्या वहीत हा शब्द फार वेळा येतो. त्याने आजवर काही बिघडलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी महालक्ष्म्या गेल्या. शुक्रवारी सकाळी मी दुकानात होते, राहिलेल्या पाचही हप्त्यांचे पैसे घेऊन. दुकानदाराने बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हणाले, दंड काय तो लावा, पाचही आजच घ्या, पावती द्या. त्याने फाईल काढून तिसऱ्या खाड्यावर बोट ठेवलं.

"शहाण्णव आठवडे झाले," मी म्हणाले. "चार पोळ्या जेवला तुमचा माणूस आमच्या घरी."

"त्यानं सांगितलं मले. लय चांगली मानसं हायेत म्हणे." मग त्याने कागद माझ्याकडे फिरवला. "ताई, हे तुमीच वाचून दाखवलं होतं न तिले? याच खुर्चीवर बसून."

मी चहा घेतला नाही. घरी येऊन सांगितलं. बाबांनी विचारलं, "भरलेले काही वापस देतीन का?" धाकटी म्हणाली, "भाडं होतं बाबा ते."

शनिवारी टेम्पो आला. ती तेव्हा माझाच ब्लाऊज शिवत होती, निळा, माझ्या पुतणीच्या लग्नासाठी. उजवी बाही लागली होती, डावीला नुसत्या टाचण्या होत्या. तिने मशीनमधून कापड काढलं, धागा दाताने तोडला आणि ब्लाऊज घडी घालून माझ्या हातात दिला. "ठेव. कुठीतरी बसून लावून देतो." चाकाचा लाल दोरा सोडायला आई पुढे झाली. गाठ सुटेना. शेवटी टेम्पोवाल्याने तो तसाच नेला. पुढच्या बुधवारी तीच मशीन कुणाकडे तरी पहिल्या हप्त्यावर गेली असणार. तो दोरा त्यांनी कापला असेल की ठेवला असेल, हे माझ्या मनात अजून येतं.

दिवाळीनंतर गावातल्या दोघींसोबत ती पुण्याकडे गेली, कपड्यांच्या कारखान्यात. रविवारी फोन येतो. "दिवसभर कॉलर, ताई. फक्त कॉलर. कोनाच्या गळ्याले लागते, कोन जाने." तिच्या बोलण्यात आता शब्द पूर्ण येतात. तोंडात टाचण्या नसतात. मी ऐकत असते आणि मला ते अर्धे गिळलेले शब्द हवे असतात.

स्लॅब माझा कधीच पुरा झाला. त्यानंतर मी तिला दोनदा म्हणाले, रोख घेऊन देते मशीन, परत ये. ती म्हणाली, इथं आता खोलीचं भाडं, भिशी, सगळं लागून गेलं, मधात सोडता येत नाही. तीन महालक्ष्म्या झाल्या, तिला सुट्टी मिळाली नाही. ओसरीतली खिडकी आई आता उघडत नाही. धूळ येते म्हणते. तेव्हाही येत होती.

यंदा जेवणाच्या दिवशी सकाळी दूधवाला दारात उभा होता. जादा दुधाचे पैसे राहिले होते. मी सवयीने म्हणणार होते, उद्या सांजच्याले या. त्याआधीच आई उठली. देवीसमोरून चालत गेली, डब्यातून पैसे काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. "घेऊन जाय बापा. उभा नको राहू." मग हात धुऊन पुरण वाटायला बसली. मी दूध आत नेलं.

आज वहीत सात कामं आहेत. सहांवर रेघ मारली. मानोऱ्यात दोन चांगल्या शिंपिणी आहेत, दहा मिनिटांचं काम आहे, आणि आता तो ब्लाऊज मला उसवून सैल केल्याशिवाय बसणारही नाही. टाचण्यांना गंज चढायला लागलाय, त्या मी काढलेल्या नाहीत. सातवं काम उद्याच्या पानावर उतरवते: निळा ब्लाऊज, डावी बाही.